आधी माझं ताट, मग डबे

यवतेश्वरचा घाट उतरताना माझा उजवा गुडघा गेला. चढताना काहीच झालं नव्हतं. एकवीस किलोमीटरच्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनमध्ये सगळे चढाला घाबरतात, मीही त्यालाच घाबरले होते. पण कासच्या रस्त्यावरून वळून परत येताना सोळावा किलोमीटर संपला, रस्ता खाली शहराकडे झुकला आणि गुडघ्याच्या वाटीखाली कुणीतरी सुई फिरवतंय असं वाटायला लागलं. दोन वळणं लंगडत उतरले, मग चालायलाच लागले. पाऊस भुरभुरत होता. बाजूने माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी माणसं आरामात पळत खाली जात होती. ३ तास ११ मिनिटांनी मी पोहोचले. पदक गळ्यात पडलं, पण घरी गेल्यावर ओट्याच्या तीन पायऱ्या उतरायला लेकीचा खांदा धरावा लागला.

मी चव्वेचाळीस वर्षांची आहे. साताऱ्यात मेस चालवते, दोन्ही वेळचे मिळून साठ-पासष्ट डबे जातात. धावायला लागले ती रक्ताच्या रिपोर्टमुळे. तीन वर्षांपूर्वी एचबीए१सी, म्हणजे रक्तातली गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा आकडा, ६.१ निघाला. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. डॉक्टर म्हणाले, गोळी आत्ताच नको, चालायला लागा. पहाटे 'चार भिंती' स्मारकापर्यंत चालायला लागले, मग अजिंक्यतारा किल्ल्याच्या रस्त्याने वर, मग थोडं पळत थोडं चालत. तिथे भेटलेल्या बायकांनी मॅरेथॉनचा नाद लावला. हा नाद आमच्या जिल्ह्याला शोभणाराच आहे. माणमधल्या मोहीची ललिता बाबर २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत धावली, तेव्हा मेसमधली पोरं हातातला घास तसाच धरून टीव्हीकडे बघत बसली होती. त्या वेळी मी फक्त ताटं वाढत होते.

गुडघा आठ दिवसांत उतरला नाही म्हणून फिजिओथेरपिस्टकडे गेले. मला वाटलं होतं शेक देतील, पट्टा देतील, धावणं बंद करा म्हणतील. मॅडमनी मला एका बुटक्या पायरीवर उजव्या पायावर उभं केलं आणि डाव्या पायाची टाच हळूच खाली जमिनीला टेकवून परत वर यायला सांगितलं. मोबाइलवर चित्रण केलं आणि दाखवलं. माझा उजवा गुडघा आत, डाव्या पायाकडे कलंडत होता, कंबर एका बाजूला पडत होती आणि शेवटच्या दोन इंचांत मी उतरत नव्हतेच, सरळ खाली आदळत होते. मॅडम म्हणाल्या, "घाट उतरताना तुम्ही हेच काही हजार वेळा केलंत."

त्यांनी जे समजावलं ते मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. उतारावर मांडीचा पुढचा स्नायू ब्रेकचं काम करतो. ताणला जात असतानाच त्याला अंगाचं वजन तोलायचं असतं. खुब्याच्या बाजूचे स्नायू गुडघा सरळ रेषेत धरतात. हे दोन्ही कमी पडले की भार गुडघ्याच्या वाटीवर येतो. माझ्या गुडघ्यात झीज नव्हती. त्याला आधार नव्हता.

मी म्हटलं, "मॅडम, मी दिवसभर उभी असते. पिठाचं तीस किलोचं पोतं ओढते, व्यवसायाचा सिलिंडर तिरका करून फिरवत आणते, पाच किलो कणीक तिंबते. ताकद नाही कशी?"

त्या म्हणाल्या, "तुम्ही दमता खूप. पण दमलं म्हणून ताकद वाढत नाही. तुमचं पोतं गेली दहा वर्षं तीसच किलोचं आहे."

हे वाक्य घरी येईपर्यंत डोक्यात घोळत राहिलं. तीस किलो उचलायला जेवढी ताकद लागते तेवढी अंगाने कधीच कमावलेली असते. त्यापुढे रोज तेच पोतं ओढून कंबर तेवढी दुखते. अंगाला नवीन कारण द्यावं लागतं, थोडं जास्त वजन, थोड्या जास्त उठाबशा, आणि ते पचवायला वेळ द्यावा लागतो.

मॅडमनीच एका छोट्या जिमचा पत्ता दिला. दुपारी साडेतीन ते साडेचार ही माझी एकच मोकळी वेळ, दुपारचे डबे परत येईपर्यंतची. त्या वेळी तिथे चिटपाखरू नसतं, म्हणून जायचा धीर झाला. शिकवणारे सर अठ्ठावीस वर्षांचे, पंधरा वर्षं तालमीत घालवलेले, कान पैलवानांसारखे मोडलेले. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचा, १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकच्या ब्राँझवाल्या खाशाबांचा, फोटो त्यांनी आरशाच्या वर लावलाय. मला वाटलं हे आल्या आल्या वजनं हातात देणार. त्यांनी हातात दिली काठी.

काठी पाठीमागे उभी धरायची. ती तीन ठिकाणी टेकली पाहिजे: डोक्याच्या मागे, दोन खांद्यांच्या मध्ये आणि माकडहाडावर. तिन्ही जागा न सोडता खुब्यातून वाकायचं, कुल्ले मागे न्यायचे, गुडघे जरासेच मोडायचे. पहिल्यांदा वाकले तेव्हा काठी माकडहाडावरून लगेच सुटली, म्हणजे मी कमरेतून वाकत होते. सर म्हणाले, "ताई, पाठीमागे दार उघडं राहिलंय आणि हातात दोन्हीकडे डबे आहेत. दार कशाने लोटाल?" मी कुल्ल्याने दार लोटलं, आणि काठी तिन्ही जागी चिकटून राहिली. आयुष्यभर मी पातेलं उचलताना चुकीच्या जागेतून वाकत आले होते हे तेव्हा कळलं. तो पहिला आठवडा फक्त काठीचाच होता. आता मेसमधल्या दोन्ही मदतनीस बायकांना मी हे लाटण्यावर शिकवलंय, दोघींची कमरेची तक्रार कमी झाली आहे.

मंगळवार आणि शुक्रवार हे दोन दिवस ठरले, रविवारच्या लांब पळण्यापासून दोन्हीकडून लांब. आठवड्यातून दोनदा पुरतं यावर माझा आधी विश्वास नव्हता. जागतिक आरोग्य संघटनाही मोठ्या माणसांना ताकदीचा व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस करा असंच सांगते. व्यायामही मोजकेच. खुब्यातून वाकून रॉड उचलायचा, म्हणजे डेडलिफ्ट. डंबेल छातीशी धरून बैठका. एक पाय मागे बाकावर ठेवून एका पायाच्या बैठका. या सगळ्यात अवघड, आणि गुडघ्याला सगळ्यात जास्त उपयोग यांचाच झाला. मग वाकून डंबेल कमरेकडे ओढणं, डोक्यावर ढकलणं, आणि शेवटी पोटऱ्यांसाठी टाचा उचलणं. मॅडमची पायरी रोज घरी, ओट्याच्या पायरीवर, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत.

डेडलिफ्टला सुरुवात नुसत्या रॉडने केली, २० किलो. तोही जमिनीवरून नाही, खाली ठोकळे ठेवून. पोटात हवा भरायची, कुणीतरी पोटावर चापट मारणार आहे अशा बेताने पोट घट्ट करायचं, पायांनी जमीन खाली ढकलायची. आठ वेळा, असे तीन फेरे. दोन फेऱ्यांच्या मध्ये दोन मिनिटं बसायचं. हे बसणं मला फार जड गेलं. मेसमध्ये दोन मिनिटांत दहा पोळ्या होतात! पण घाईने पुढचा फेरा केला की पाठ वाकते, आणि वाकलेल्या पाठीने उचललेलं वजन मोजायचं नाही असा सरांचा नियम आहे.

दुसरा नियम, जो मी आता सगळ्यांना सांगते: 'अजून दोन निघाले असते' असं वाटलं की थांबायचं. जीव तोडून शेवटचा काढायचा नाही. तिन्ही फेरे नीट आठ-आठ झाले, लागोपाठ दोनदा झाले, की अडीच किलो वाढवायचे. वहीत लिहायचं. माझी हिशेबाची वही असते तशीच लाल पुठ्ठ्याची वही आहे ही, डावीकडे व्यायाम, उजवीकडे खाणं आणि झोप.

पहिल्या पंधरा दिवसांत मांड्या इतक्या दुखल्या की खाली बसून भाजी निवडता येईना. हे दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं आणि आपोआप जातं. पडून राहण्यापेक्षा हलकं चालल्याने बरं वाटतं. सांध्यात टोचणारं, एकाच बोटाने दाखवता येणारं दुखणं वेगळं. ते सांगायचं, लपवायचं नाही. आणि दुखलं म्हणजे व्यायाम चांगला झाला असंही नाही. आज मी उचलते ते वजन तिप्पट झालंय आणि अंग क्वचितच दुखतं.

सगळं सुरळीत चाललं होतं तेव्हा मी चूक केली. डिसेंबरमध्ये डेडलिफ्ट ४० किलोवर गेला, अंगात हुशारी आली, म्हणून एका आठवड्यात सगळ्या व्यायामांचं वजन एकदम वाढवलं आणि दुसऱ्याच पहाटे अजिंक्यताऱ्याच्या चढावर सहा वेळा जोरात पळाले. चौथ्या दिवशी सकाळी अंथरुणातून पहिलं पाऊल टाकलं आणि डाव्या टाचेच्या वरची जाड शीर कडक, दोरीसारखी. स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, पण स्नायू हाडाला बांधणारी ही शीर फार सावकाश बळकट होते, तिला महिने लागतात. मांड्या तयार होत्या, टाच नव्हती. तीन आठवडे पळणं बंद. मॅडमनी विश्रांती दिली नाही, उलट रोज टाचा उचलून पंचेचाळीस सेकंद धरून ठेवायला लावल्या, पाच वेळा. मग हळूहळू वर जायला तीन मोजायचे, खाली यायला तीन मोजायचे. त्या तीन आठवड्यांत मी रडले, कारण थंडीचे दिवस म्हणजे साताऱ्यात पळायचे सगळ्यात सुंदर दिवस. तेव्हापासून एका आठवड्यात एकच गोष्ट वाढवते. वजन वाढलं तर अंतर तेवढंच. आणि दर चौथ्या-पाचव्या आठवड्याला दोन्ही अर्ध्यावर आणते, बरं वाटत असलं तरी.

त्याच सुमारास सरांनी वहीची उजवी बाजू उघडली. तिथे मी खाणं लिहीतच नव्हते. "एक दिवस लिहा, ताई. जे खाल ते सगळं."

लिहिलं. पहाटे चहा, दोन बिस्किटं. अकराच्या सुमारास कढईत उरलेले पोहे, उभ्याने. दुपारी तीन वाजता दीड भाकरी, उसळीचा रस्सा, थोडा भात. उसळ नाही, रस्सा. मटकी सगळी डब्यांत गेलेली. रात्री अकरा वाजता एक पोळी, भाजी, ताक. आम्ही बसून प्रथिनांचा हिशेब केला, ओढूनताणून ३५ ग्रॅम. माझं वजन ५८ किलो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० मध्ये ठरवलेलं प्रमाण किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे नुसतं बसून राहणाऱ्या बाईलाही माझ्या वजनाला ४८ ग्रॅम हवेत. व्यायाम करणाऱ्याला किलोमागे साधारण १.४ ते १.६, म्हणजे मला ८० ते ९० ग्रॅम. साठ माणसांना पोटभर घालणारी मी स्वतः त्याच्या निम्म्यावरही नव्हते. मी वजनं उचलत होते आणि अंगाला बांधायला विटाच देत नव्हते.

मला याचा राग आला, आणि तो अजून आहे. हे माझ्या एकटीचं नाही. ज्या घरात जाल तिथे स्वयंपाक करणारी बाई तळाचं खाते. डाळीचं वरचं पाणी, उसळीचा रस्सा, दुधाऐवजी चहा. डॉक्टर म्हणतात अशक्तपणा आहे, आम्ही म्हणतो दगदग आहे.

उपाय साधा होता, करायला कठीण गेला. डबे भरायच्या आधी माझं ताट वाढून बाजूला ठेवायचं. सासूबाईंना ते रुचलं नाही. त्या माळकरी, एकाहत्तर वर्षांच्या. मेसही त्यांच्यामुळेच शाकाहारी. "गिऱ्हाइकाच्या आधी आपलं ताट?" एवढंच म्हणाल्या. मी त्यांना वही वाचून दाखवली, रस्सा आणि मटकी वेगळी करून. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मी तर तुझ्या वयात रात्रीची भाकरी ताकात कुस्करून दिवस काढलेत." दुसऱ्या दिवशी झाकण घातलेलं ताट त्यांनीच फळीवर ठेवलेलं होतं, आणि वाटीत घट्ट उसळ होती.

आता माझा दिवस असा आहे. पळून आल्यावर दोन अंडी, एक मोठा पेला दूध, अर्धी भाकरी. अंडी मागच्या पडवीत वेगळ्या शेगडीवर, वेगळ्या भांड्यात. सासूबाईंचा मान राखून. दोन अंड्यांत १२ ग्रॅम, पाव लिटर दुधात ८. अकरा वाजता मूठभर फुटाणे. एक वाजता, तीनला नाही, दीड भाकरी, मोड आलेल्या मटकीची किंवा मुगाची भरलेली वाटी, दही. कच्च्या ५० ग्रॅम मटकीत ११ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. शिजली की फुगून मोठी वाटी होते. जिमला जाण्याआधी केळं. संध्याकाळी शेंगदाणे आणि गूळ. रात्री दोन पोळ्या, घट्ट वरण, आणि पनीर किंवा सोयावडी. सोयावडीला लोक नाक मुरडतात, पण कोरड्या ३० ग्रॅममध्ये १५ ग्रॅम प्रथिनं आणि दाम किती थोडं! गरम पाण्यात भिजवून तीनदा पिळून काढली, मग कांदा-खोबऱ्याच्या वाटणात मुरवली की वास राहत नाही. थंडीत हुलग्याचं माडगं. सगळं मिळून ८५ ग्रॅमच्या आसपास जातं.

हे एका दिवसात करू नका. मी केलं आणि चार दिवस पोट फुगून होतं. दर आठवड्याला एक वाटी वाढवत गेले, कडधान्यं भिजवून मोड आणून घेतली, पाणी वाढवलं, तेव्हा मानवलं. मूत्रपिंडाचा आजार असेल त्याने तर आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच वाढवू नये.

डब्यातली प्रोटीन पावडर घ्यायची का, हे मला रोज कुणीतरी विचारतं. ती दुधाच्याच पाण्यातून निघते, चीज करताना मागे राहतं त्या पाण्यातून. विष नाही आणि जादूही नाही. ज्याला खरंच वेळ नाही त्याला सोयीची. माझ्या हाताशी अख्खं स्वयंपाकघर आहे, मला गरज पडली नाही. क्रिएटिन, म्हणजे जोराच्या कामात स्नायूंना ऊर्जा पुरवणारा पदार्थ, मात्र मी घेते, रोज ३ ग्रॅम, साधं मोनोहायड्रेट, पाण्यातून. ते मुख्यतः मांस-मासळीतून मिळतं, त्यामुळे शाकाहारी माणसाच्या स्नायूंत त्याचा साठा कमी असतो. त्याच्यावर भरपूर अभ्यास झालेला आहे. सुरुवातीला किलोभर वजन वाढलं, ते स्नायूंत धरलेलं पाणी. डॉक्टरांना सांगून सुरू केलं, कारण त्याने रक्तातलं क्रिएटिनिन, ज्यावरून मूत्रपिंडाचं काम बघतात, ते थोडं वाढलेलं दिसू शकतं आणि माहीत नसेल तर ते उगाच घाबरतील.

पण या सगळ्यापेक्षा माझा दम ज्याने परत आणला ती गोष्ट वेगळीच होती. गेली दोन वर्षं माझी पाळी अनियमित आणि अंगावरून जाणं खूप. चढावर छाती भरून यायची, मी वय म्हणून सोडून द्यायचे. डॉक्टरांनी हिमोग्लोबिन बघितलं, १०.४. बायकांना किमान १२ हवं. लोहाचा साठा दाखवणारी फेरिटिनची तपासणी केली, तीही तळाला. हे कमी असताना कितीही व्यायाम केला तरी रक्त स्नायूंना पुरेसा प्राणवायू नेऊ शकत नाही. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि एक सवय सोडावी लागली: जेवणावर लगेच चहा. चहा अन्नातलं लोह नीट शोषू देत नाही. आता जेवण आणि चहा यांच्यात तासभर तरी जातो, आणि भाजीवर लिंबू पिळल्याशिवाय मी जेवत नाही, कारण लिंबाने उलट लोह अंगी लागतं. चार महिन्यांनी १२.३ झालं. धावणाऱ्या, वजन उचलणाऱ्या प्रत्येक बाईने वर्षातून एकदा या दोन तपासण्या कराव्यात, असं मला कळकळीने वाटतं. आपण स्वतःला आळशी म्हणत असतो आणि आत रक्तच नसतं.

राहिली झोप, आणि इथे पैशाचा प्रश्न आला. मी पहाटे सव्वाचारला उठते. रात्री शेवटचे डबे नऊला जायचे, भांडी आवरून अकरा-साडेअकरा. वहीत रोज पाच तास. सरांनी तालमीतलं सांगितलं: पहाटे मेहनत झाली, खुराक झाला की दुपारी वस्ताद सगळ्या पोरांना झोपायला लावायचे, न झोपणाऱ्याला बोलणी बसायची. "व्यायाम, खुराक आणि आराम, तिघांना सारखा मान. तुम्ही दोघांनाच देताय." अंग दुरुस्त होतं ते झोपेत. वजन उचलताना तर ते मोडतं.

आमच्या ह्यांच्याशी बोलले. शेवटी रात्री आठनंतरचे आठ डबे बंद केले. त्यात महिन्याला बरीच रक्कम गेली, हे मी लपवत नाही, आणि सगळ्यांना हे परवडणार नाही हेही मला कळतं. पण त्याआधीच्या तीन महिन्यांत माझी ताकद जेवढी वाढली नव्हती तेवढी पुढच्या सहा आठवड्यांत वाढली. आता रात्री सहा तास आणि दुपारी जेवणानंतर अर्धा तास, खोलीत अंधार करून, फोन बाहेर ठेवून. सकाळी उठल्या उठल्या मनगटावर बोट ठेवून मिनिटभर नाडी मोजते. एरवी ६४-६६ असते. ७५ च्या वर गेली तर त्या दिवशी पळत नाही, चालते. बहुतेक वेळा दोन दिवसांत सर्दी तरी बाहेर पडते किंवा आदल्या रात्रीची झोप तरी मोडलेली असते. बर्फाचं पाणी, मालिश, मांडीखाली फिरवायचा तो फोमचा रोलर, हे सगळं करून बघितलं. बरं वाटतं, एवढंच. झोपेची जागा कुणी घेतली नाही.

मार्चपासून उताराची तयारी वेगळी केली. दर दुसऱ्या रविवारी अजिंक्यताऱ्यावर चालत चढायचं आणि पळत उतरायचं, छोटी पावलं, गुडघा किंचित मोडलेला, अंग मागे न झुकवता. पहिल्या वेळी एकच किलोमीटर, तरी मांड्या तीन दिवस बोलत होत्या. तिसऱ्या वेळेपासून बोलेनाशा झाल्या. उताराचा मार स्नायू एकदा सोसतो, मग पुढच्या वेळी तेवढा लागत नाही. म्हणून स्पर्धेआधी दोन-तीन वेळा तरी तो देऊन ठेवावा.

लांब पळताना खाणंही शिकले. आधी रिकाम्या पोटीच जायची, चरबी जळते म्हणून ऐकलं होतं. तासाच्या वर पळायचं असेल तर तासाला ३० ते ६० ग्रॅम साखर-पिष्ट अंगाला लागतं. मी खजुराच्या बिया काढून, कुटून, मीठ लावून लहान गोळ्या करते आणि कागदात गुंडाळून कमरेच्या पिशवीत ठेवते. पाण्यात घरचं सलाइन: एक लिटरला सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ.

यंदा यवतेश्वरला धुकं इतकं होतं की पुढच्या माणसाचा फक्त शर्ट दिसत होता. स्पर्धेआधीचे दहा दिवस वजनं निम्मी केली होती, पाय हलके होते. चढ मी मागच्यासारखाच चढले, फार वेगाने नाही. सोळावा किलोमीटर आला, तेच वळण, तोच कठडा. मी गुडघ्याकडे कान लावून पळत होते. छोटी पावलं, कुल्ले मागे, दार लोटल्यासारखे. सतरा. अठरा. मांड्या तापल्या होत्या, पण गुडघा गप्प. खाली गावातले ढोल ऐकू यायला लागले तेव्हा मी कुणाला तरी मागे टाकत होते, आणि मला बोलायला दम उरला होता. २ तास ४४ मिनिटं.

घरी आले, तिन्ही पायऱ्या चढून गेले आणि परत उतरून चपला आत घेतल्या. सासूबाई ओट्याला धरून स्टुलावरून उठत-बसत होत्या. मॅडमनी त्यांना सांगितलेला हाच एक व्यायाम, दिवसातून दोनदा, आधी हाताने धरून आणि मग न धरता. "आठ झाल्या," त्या म्हणाल्या, "तुझं ताट फळीवर आहे."

पुढचा आठवडा नुसतं चालणं. त्यानंतरच्या मंगळवारी परत रॉड धरला, ६० ऐवजी ४०. सरांनी वही घेतली, नवीन पानावर तारीख टाकली आणि बाजूला टाचांच्या व्यायामाचे फेरे तीनचे चार करून दिले. एचबीए१सी ५.७ आलंय. लोहाची कमतरता असली की हा आकडा थोडा जास्त दाखवू शकतो, तेव्हा सगळं श्रेय व्यायामाला देऊ नका असं डॉक्टर म्हणाले. सहा महिन्यांनी पुन्हा बघायचंय. आणि पिठाचं पोतं मी आता ओढत नाही, उचलून ठेवते.